पापी हातांची परात

या, असे पुढे सरकून बसा. गोष्ट माझ्याच जळफळाटाची आहे, म्हणून खरी सांगतो.

त्र्याऐंशीचा उन्हाळा. घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर विहीर एकच, सगळ्यांच्या बापांनी मिळून खणलेली. एका सकाळी तिथे ही झुंबड! खंडू भगत काठावर परात मांडून बसलेला. परातीत पिवळं ‘देवीचं पाणी’. हात बुडवायचे, पाणी लाल झालं की हात पापी. पाप्याने शुद्धीचा नारळ वाहिल्याशिवाय विहिरीत दोर सोडायचा नाही. नारळ मिळायचा खंडूच्या मेव्हण्याकडेच, आणि वाहिलेला नारळ संध्याकाळी परत त्याच टोपलीत.

मी लवूबुवांच्या कीर्तनात टाळ धरणारा. बुवांपुढे नऊ डोकी, खंडूपुढे अख्खी टेकडी. पोटात नुसती आग!

रोज लाल व्हायचं ते कमळचं पाणी. बंगल्यांतली भांडी घासून ती थेट विहिरीवर यायची.

“काल नारळ वाहिला ना मी?”

“रात्रीत नवं पाप केलंस, बाय!”

लोक हसले. दुसऱ्या नारळाची तिची ऐपत नव्हती. चार दिवस हंडा कोरडा, पोरं दारोदार तांब्याभर पाणी मागत फिरली. मला दिसत होतं. पण माझा डोळा खंडूच्या गर्दीवर.

पाचव्या दिवशी खंडूची जिरवायला मी बुवांनाच घेऊन गेलो; बुवांना पापी ठरवलं तर लोकच त्याच्यावर उलटतील, असा माझा हिशेब. बुवांनी हात बुडवले. पाणी पिवळंच.

“बघा, पुण्यवंत!” खंडू गरजला. झालं, त्याचाच भाव वधारला.

तेवढ्यात कमळ पुढे आली. “बुवा, हात द्या जरा.” पदराच्या गाठीतला भांड्यांचा सोडा तिने बुवांच्या ओल्या तळव्यांवर चोळला. “आता बुडवा.”

परात लालभडक!

“आता बुवा पण पापी काय रे खंडू?” रांगेतली कृष्णाबाई कडाडली.

“काल बंगल्यावरच्या नळाला पोराचा सदरा धुतला,” कमळ म्हणाली. “वरणाच्या डागाला साबण लागला, डाग लाल. बायांनो, ही हळद आहे, हळद! माझ्या हातांना सोडा आहे, पाप नाही.”

तो डाग घराघरात शंभरदा पाहिलेला. विचार कुणी केला नव्हता.

खंडू परात उचलू लागला. बुवांनी त्याचं मनगट धरलं. “थांब. आधी तिला भरू दे. देवाने पाणी देताना पाप-पुण्य विचारलं नाही, तू कोण? दुसऱ्याच्या तहानेवर कमावतोस, वर देवीचं नाव लावतोस!”

कमळने दोर सोडला.

देव मी सोडलेला नाही. पण त्या दिवशी कळलं, मला खंडूचं खोटं खुपत नव्हतं, त्याची गर्दी खुपत होती. म्हणून शेजारचा कोरडा हंडा मला दिसूनही दिसला नाही. बाबांनो, हक्काच्या पाण्यासाठी कुणी पुण्याचा दाखला मागितला, तर हात जोडण्याआधी परातीत काय कालवलंय ते विचारा. आणि वरणाचा डाग धुताना एकदा आमच्या कमळची आठवण काढा.