पंखा नसलेलं कार्ड

कानाशी ढोल बडवला तरी ज्याला ऐकू येत नाही, त्या माणसाला आवाज न करणारं कार्ड कशाला हवं, हे मला कळेना. आणि न कळलेल्या गोष्टीवर मी आधी चिडते, विचार मागाहून करते. मुरुडच्या बाजारात किशोरीचं कॉम्प्युटरचं दुकान विचारलंत तर लोक पत्ता सांगतील आणि वर म्हणतील, जरा जपून बोला. आता स्वभावाला औषध नाही, मी तरी काय करू?

विठोबा नाखवा आगरदांड्याचे. चाळीस वर्षं होडी चालवली, तीही इंजिनाला चिकटून, त्यात कान गेले. कानाचं मशीन मुलानं आणून दिलं होतं, पण ते लावलं की डोक्यात परत इंजिन सुरू होतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखतात. हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. सत्तरीचा म्हातारा माझ्या तोंडाकडे टक लावून बघतोय म्हटल्यावर मी त्यांना असं सुनावलं की शेजारचा चहावाला बाहेर आला. त्यांनी तेही ओठांवरून वाचलं आणि हसले. तेव्हापासून आमचं जमलं.

तर एका सोमवारी ते हातरुमालात गुंडाळलेलं एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आले. त्यांचा मुलगा विनेश उरणला कंपनीत आहे. ऑफिसनं काढून टाकलेला एक बारीक कॉम्प्युटर त्यानं आईबापांना आणून दिला, टीव्हीखालच्या फळीवर आडवा मावेल एवढा. गावात इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून तो महिन्याला पिक्चर भरून आणतो. हल्लीचे पिक्चर जड असतात, जुन्या कॉम्प्युटरला ते ओढवत नाहीत, चित्र अडखळतं. म्हणून त्यात एक बुटकं कार्ड बसवलेलं. चित्राचं ओझं ते उचलतं. पण त्याच्यावरचा इवलासा पंखा खाऱ्या हवेनं गंजला होता. मी बोटानं फिरवून बघितला तर दळण दळल्यासारखा आवाज.

"दुसरं दे," नाखवा म्हणाले. "पंखा नसलेलं."

मी त्यांच्यापुढे तीन कार्डं मांडली. पहिलं दोन पंख्यांचं, दिवे लुकलुकणारं. ते मी उगाच दाखवलं, कारण नाकापेक्षा मोती जड, कॉम्प्युटरच्या त्या डब्यात ते शिरणारच नव्हतं. दुसरं बुटकं, छोट्या पंख्याचं. तिसरंही बुटकंच, पण पंखा नाही, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पट्ट्यांमुळे ते जाड होतं. आत जागा किती आहे, असं मी विचारलं. हातात पिशव्या होत्या, त्यांनी नुसतं तोंडानं सांगितलं, दोन बोटं. जाळ्याची भोकं बोटांनी मोजण्यात जन्म गेलेला माणूस, तो मिलिमीटर कशाला सांगेल? मी माझी दोन बोटं कार्डाला लावली. कार्ड बाहेर राहिलं.

मग मी त्यांना समजावलं. हे मावत नाही. पंख्याचं घ्या, थंड राहतं, चित्रही काकणभर सरस. ते म्हणाले, पंखा नको. मी म्हटलं, नाखवा, तुम्हाला आवाज येणार आहे का? त्यांनी पंख्याचं कार्ड बोटानं माझ्याकडे सरकवलं. मग पुन्हा, पंखा नको. माझं डोकं फिरलं. पंख्याचंच कार्ड मी त्यांच्या पिशवीत कोंबलं आणि वापरून बघा म्हणून वाटेला लावलं. बसवायला मी जायची गरज नव्हती, आख्खं इंजिन खोलून जोडणारा माणूस तो.

शुक्रवारी कार्ड परत. माझ्यासमोर ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले. चित्र अडखळतं का? नाही. गरम होतं का? नाही. मग बिघडलं काय, असं मी ओरडूनच विचारलं. त्यांच्यापुढे ओरडून उपयोग नाही हे माहीत असूनही मी ओरडते, माझंच मन मोकळं होतं.

"घरात बोलणं बंद झालंय, बाय," ते म्हणाले. "ती म्हणते डबा नको. परवा विनेश येतोय, त्याला न्यायला सांगितलंय तिनं."

ती म्हणजे नीराबाई, त्यांची बायको. मला वाटलं, झालं, माझ्या कार्डापायी म्हातारा-म्हातारीचं वाजलं. एवढं बोलून ते निघाले. पाठमोरे झाल्यावर त्यांना हाक मारता येत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. तेवढं करून मी त्यांना सांगितलं, उद्या दुपारी मी स्वतः येते, तोवर डबा हलवायचा नाही.

खरं सांगते, रात्रभर मनाला लागून राहिलं. माणूस दोनदा नको म्हणाला आणि मी आपलंच घोडं पुढे दामटलं. शनिवारी दुकान दोन तास बंद ठेवलं, तिन्ही कार्डं स्कूटरच्या डिकीत टाकली आणि आगरदांडा गाठलं. घर जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर. नीराबाई दारातच होत्या. गुडघे दुखतात म्हणून दाराची चौकट धरून उभ्या, पण हसून आत घेतलं. नवऱ्याशी अबोला धरलेल्या बाईसारख्या त्या काही दिसेनात.

बसायची जागा बघून मी चक्रावले. नीराबाईंची खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात, फळीपासून तीन हातांवर. ते ठीक. पण नाखवांची खुर्ची तिच्या समोर, जरा बाजूला, टीव्हीकडे पाठ करून. अशी कोणी खुर्ची मांडतं? मी ती फिरवायला गेले तर नीराबाई म्हणाल्या, राहू दे, तशीच लागते.

डब्यावर एक विणलेला रुमाल होता, मोर असलेला. तो बाजूला करून मी झाकण उघडलं. आतली जागा बघते तर माझी तीन बोटं आरामात गेली. मी नाखवांकडे बघितलं. त्यांनी आपली दोन बोटं तिथे घातली, बरोब्बर बसली. दोर ओढून ओढून ती बोटं काकडीएवढी झालेली, एकेक माझ्या दीड बोटाचं. पंखा नसलेलं कार्ड सोमवारीच मावलं असतं. उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं. मी माझं कपाळ बडवून घेतलं आणि त्यांना म्हटलं, चूक माझी, नाखवा. ते म्हणाले, व्हय. आणि मिशीतल्या मिशीत हसले.

कार्ड बसवलं. रुमाल आता पुन्हा टाकायचा नाही, पंखा नसलेल्या कार्डाला हवा लागते, हे मी नीराबाईंना दोनदा बजावलं. त्यांनी तो मोर घडी करून मांडीवर घेतला. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला म्हणून चालू झालं म्हणायचं, आवाज कसलाच नाही.

"आता येईल ऐकू," नीराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून सांगितलं, "माझेपन कान आता म्हातारे झाले गो. ह्या डब्याची घरघर लागली की पिक्चरमदली मानसा काय बोलतात ता मनाच कलत न्हाय. मनाच न्हाय कललं तर ह्यांना काय सांगू?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पिक्चर सुरू झाला. नीराबाई ऐकत होत्या आणि एकेक वाक्य नवऱ्याला अर्ध्या आवाजात, ओठ मोठे करून सांगत होत्या. जोरात बोलल्या असत्या तर पुढचं वाक्य त्यांनाच ऐकू आलं नसतं. तो दारू प्यायलाय. ती म्हणते माहेरी जाते. सासू खोटं बोलते हाय. नाखवा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जसे माझ्या बघतात तसे, पण तसे नाहीच. गावकीचं भांडण असो की पिक्चरमधलं, दुपारचे हे दोन तास त्यांच्या घरात कोणीतरी कोणाशी बोलत होतं. एक पंखा माझ्या हट्टानं ते बंद पाडत होता.

मला राहवलं नाही. नाखवांसमोर जाऊन विचारलं, चित्र तरी नीट दिसतंय का, एवढं आठवडाभर कार्डाचं चाललंय.

"मना काय माहीत?" ते म्हणाले. "मी हिच्याकडं बघतो."

  मी हत्यारं आवरायला म्हणून खाली बसले.

पिशवी बांधून उठले तेव्हा पिक्चरमध्ये भांडण संपलं होतं. नीराबाईंचे ओठ अजून चालूच होते. मी दाराशी होते, तिथून ती दोघंही दिसत होती आणि टीव्हीही.

"ती म्हणते," नीराबाई म्हणाल्या, "तुमी हाव म्हनून बरं हाय. न्हायतर माजा दिस कसा गेला असता?"

मी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवर कोणीच नव्हतं. एक रिकामा रस्ता होता आणि त्यावरून एसटी चालली होती.

नाखवांनी मान वळवली. मी आले तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांनी मागे टीव्हीकडे बघितलं. एसटी लांब गेली, दिसेनाशी झाली, तोवर बघत राहिले. मग पुन्हा बायकोकडे वळले आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"अजून काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं.