वाळ्याच्या तट्ट्याखालची कळशी

लातूरच्या दहा-बारा हौशी मंडळींना परळीतल्या जुन्या टॉकीजा पायी फिरून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. का, तर बहात्तरच्या दुष्काळात मी भाग्यवान टॉकीजचं मशीन चालवायचो, असं मीच गावभर सांगत आलोय. लग्नाच्या बैठकीतही हेच ठोकून दिलं होतं. आणि आज नेमकी माझी बायको बायनाबाई सोबत निघाली.

पहिल्या टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय, दुसरीचं खताचं गोदाम. दोन्हीकडे मी मनसोक्त थापा सोडल्या.

"साखर कारखान्याचे चेअरमन उशिरा आले की पिक्चर पहिल्यापासून! एका खेळात हिरो तीनदा मेला, तवा साहेबांचं समाधान झालं."

मंडळी हसली. बायना चपलेतली वीज केंद्राची राख झटकत राहिली.

भाग्यवान मात्र तशीच उभी. वरच्या खोलीत मशीनही शाबूत.

"रीळ बी हाय," राखणदार सुग्रीव म्हणाला. "आप्पा, लावा की!"

मी उगाच मशीनवरची धूळ पुसायला लागलो. मशीनला मी जन्मात हात लावला नव्हता. माझं काम दारांना बांधलेल्या वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी मारायचं. गावाला प्यायला थेंब नव्हता; पण चेअरमनसाहेबांना उकडायचं, म्हणून कारखान्याचा टँकर टॉकीजला यायचा.

मी रीळ उलटं धरलं, सुलटं धरलं, फुंकर मारली. बायनासमोर आज अब्रू जाणार!

"कावून छळायलेत म्हाताऱ्याला?" मागून तीच म्हणाली. "हे कशाचे मशीनवाले? तट्ट्यावर पाणी मारायचे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? आमी बाया पिक्चरला कळश्या घेऊनच यायचो. तट्ट्याखाली ठिबकतंय ते धरायला. माझ्याच तट्ट्यावर तुमी बादल्या वतायचे. पिक्चर कुनाला दिसलाय? मी तर भिजूनच जायची."

"मग बैठकीत गप का बसलीस?"

"खऱ्या मशीनवाल्याचं बी स्थळ आलतं. त्या साली मशीन काय प्यायचं व्हतं? पाणीवाला बघून हो म्हनले."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मशीनच्या गप्पांना एकदाही वाजल्या नव्हत्या. जिना उतरताना एकाने विचारलं, "आप्पा, खरंच कळशी भरायची?"

"एका खेळाला चार!" माझी छाती पुन्हा फुगली.

"एक," बायना म्हणाली. "ती बी अर्धी."