बोटाखालचे खोरे

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. विद्यापीठातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेले कापडी फलक यांच्या सोबतीने मी दिवस काढतो. माझ्या अंगावर सगळे समुद्र आहेत, सगळे खंड आहेत, झाडून सगळे देश आहेत. फक्त एक जागा पांढरी आहे, अंगठ्याएवढी. ती पांढरी झाल्याचे मला पहिल्यांदा कळले, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळी जमीन अंगावर घेऊन बसलेल्या गोलाच्या पायाखालची जमीन कशी सरकेल, असे तुम्ही म्हणाल. पण सरकली खरी.

माझा जन्म एका नवरा-बायकोच्या लहानशा कारखान्यात झाला. नवरा साच्यावर कागदाचा लगदा थापून माझे अंग तयार करी आणि बायको त्यावर छापील नकाशाच्या पट्ट्या चिकटवी. या पट्ट्या मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. एखादी केसभर जरी सरकली, तरी नदी एका पट्टीवर संपते आणि दुसरीवर भलतीकडूनच सुरू होते. म्हणून ती बाई पट्टी लावताना श्वास रोखून धरी.

"अगं, श्वास घे," नवरा म्हणायचा. "जग तयार व्हायचं आणि तू जायचीस."

मला न्यायला आलेल्या मोठ्या सरांना तिने बजावून सांगितले, "वरच्या पितळी मुठीला धरून फिरवा. अंगाला हात लावू नका. रोगण दिलंय, पण आत कागदच आहे." मोठ्या सरांनी मान डोलावली. विकत घेणारे मान नेहमीच डोलावतात.

मोठ्या सरांनी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आणि प्रादेशिक अभ्यासाचा विभाग नुकताच काढला होता. त्यांचा जीव एका खोऱ्यावर होता. दोन उंच डोंगररांगा, मधून वाहणारी एक नदी आणि काठाने विखुरलेली गावे. ते खोरे दोन मोठ्या देशांच्या मध्ये दडलेले होते आणि जगात कोणाला त्याची फारशी खबर नव्हती. पहिल्या परिषदेच्या दिवशी प्रमुख पाहुणे फीत कापायला उभे राहिले आणि कात्रीच सापडेना. सगळ्यांची तारांबळ उडाली. मोठे सर हजरजबाबी. ते म्हणाले, "राहू द्या कात्री. हा गोल फिरवा आणि खोऱ्यावर बोट ठेवा. झालं उद्घाटन."

पाहुण्यांनी मला गर्रकन फिरवले, सरांनी दाखवल्या जागी बोट टेकवले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हापासून तो पायंडाच पडला. परिषद असो, व्याख्यानमाला असो, परदेशी वकिलातीतल्या साहेबांचे भाषण असो, सुरुवात माझ्यापासून. बोटे तरी किती प्रकारची! अंगठीवाली, खडूने माखलेली, घामेजलेली, बिस्किटाचा चुरा लागलेली. फोटोवाला दर वेळी म्हणायचा, "साहेब, जरा दाबून ठेवा. बोट दिसलं पाहिजे." विभागाच्या वार्षिक अहवालात दर वर्षी तोच फोटो यायचा, फक्त बोट बदललेले. माझी मान ताठ व्हायची. गोलाला मान नसते हे मला माहीत आहे, पण कौतुक झाले की ती फुटते.

त्या सुरुवातीच्या दिवसांत विभागात खोऱ्यातलीच एक मुलगी शिकायला आली. सगळे तिला खोरेवाली म्हणत. तिच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. सरांचे व्याख्यान तो शब्द न् शब्द म्हणून दाखवी, म्हणून त्याला पोपट हे नाव पडले होते. खोरेवाली रोज सकाळी वर्ग भरण्याआधी माझ्याकडे यायची. पितळी मुठीने मला हळूच फिरवायची, मग दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकायची आणि आपले खोरे बघत राहायची. तिने माझ्या अंगाला एकदाही बोट लावले नाही.

"इथं नदीला वळण आहे बघ," ती एकदा पोपटला म्हणाली. "त्या वळणात माझी शाळा."

"आणि घर?"

"शाळेच्या मागं. छापायला जागा नसेल त्यांच्याकडे."

"परीक्षा झाली की येतो तुझ्या गावाला."

"ये की. पण असले जोडे घालून येऊ नकोस, फार चढ आहे."

परीक्षा झाली. ती गावी परत गेली आणि त्याच शाळेत शिकवू लागली. पोपटने तिच्याकडून ऐकलेल्या गोष्टींवर प्रबंध लिहिला, मग पुस्तके लिहिली आणि मोठ्या सरांच्या पश्चात तो विभागप्रमुख झाला. अधूनमधून तिचा फोन यायचा. माझ्या शेजारी उभे राहून तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की येतो गं." कधी परीक्षा आडव्या यायच्या, कधी गुडघा, कधी खोऱ्यात शिरण्याचा परवाना, आणि बहुतेक वेळा खोऱ्यावरचीच एखादी परिषद.

असा काळ गेला आणि विभागाच्या वर्धापनाची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद ठरली. विषय होता 'खोरे: काल, आज आणि उद्या'. देशोदेशीचे अभ्यासक गळ्यात ओळखपत्रे अडकवून आले. दाराशी पुस्तकांचे टेबल लागले, खुर्च्यांवर भाषांतर ऐकण्याची यंत्रे ठेवली गेली. आणि प्रमुख पाहुणी म्हणून कोण आली असेल? आपली खोरेवाली. केस पिकलेले, शाळेची मुख्याध्यापिका झालेली. तिला पाहून मला भरून आले.

"अगं, किती वर्षांनी!" विभागप्रमुख म्हणाले.

"तू आला नाहीस, म्हणून मीच आले."

"या वर्षी नक्की येतो."

"या वर्षीच ये. पुढं यायला खोरं राहायचं नाही."

मग माझ्यापाशी उभी राहून तिने सगळे सांगितले. खोऱ्याच्या तोंडाशी धरण बांधायचे ठरत होते. भिंत उभी राहिली की नदी तुंबणार आणि गावे पाण्याखाली जाणार. धरणवाल्यांच्या कागदात लिहिले होते की तिथे वस्ती जवळजवळ नाहीच. त्यावर सुनावणी व्हायची होती.

"आम्ही कितीदा ओरडून सांगितलं, आमचं कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "तुझी खोऱ्यावर एवढी पुस्तकं आहेत. तू ये आणि तिथं उभं राहून एवढंच सांग, इथं माणसं राहतात. बाकी काही बोलू नकोस. माझी नातवंडं आहेत रे तिथं."

"कधी आहे सुनावणी?"

तिने तारीख सांगितली. विभागप्रमुखांनी फोनमध्ये पाहिले आणि कपाळाला आठी घातली. "त्याच दिवशी आपलं चर्चासत्र आहे गं."

"कशावर?"

"धरणामुळं उठणाऱ्या गावांवर."

 माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "बघतो, काहीतरी जमवतो," असे म्हणून ते लगबगीने माईककडे गेले.

उद्घाटनाची वेळ झाली. तिने पितळी मूठ धरून मला हळूच फिरवले, थेट पूर्वीसारखे. हात पाठीमागे बांधले आणि वाकली.

"बाई, बोट ठेवा," फोटोवाला म्हणाला.

ती वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "माझं खोरं कुठं आहे?"

लोक हसले. बाई विनोदी दिसतात, असे त्यांना वाटले. तिने पुन्हा तेच विचारले. विभागप्रमुख हसत पुढे आले. "हे काय, इथं," असे म्हणत त्यांनी न बघताच नेमक्या जागी बोट टेकवले. मग ते उचलले. खाली काहीच नव्हते. नदी नाही, डोंगर नाहीत, वळण नाही. कारखान्यातल्या बाईने श्वास रोखून चिकटवलेला कागद झिजून गेला होता आणि आतला लगदा पांढराफटक दिसत होता.

मित्रांनो, मी हादरलो. मला माझे अंग दिसत नाही. माझे फोटो मी पुष्कळ पाहिले होते, पण प्रत्येक फोटोत त्या जागी कोणाचे तरी बोट होते. खोऱ्याच्या नावाने इतकी माणसे आली, इतकी भाषणे झाली, आणि बोट ठेवून ठेवून खोरेच पुसले गेले. इतक्या विद्वानांतून एकालाही ते दिसले नाही, कारण वाकून कोणी पाहिलेच नव्हते.

सभागृहात एकच गलका झाला. झाडणाऱ्या मावशींना बोलावणे गेले. "मी नुसती खालच्या पायावरची धूळ पुसते," त्या म्हणाल्या, "वर हात लावायला तुमचे पाहुणे आहेत ना." एका परदेशी अभ्यासकाने या पांढऱ्या जागेवर निबंध वाचण्याची परवानगी मागितली. लोक रांग लावून त्या जागेचे फोटो काढू लागले. विभागप्रमुखांचा चेहरा उतरला होता. "पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं आपलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. चहा निवायच्या आत चौकशी समितीसुद्धा नेमली गेली. मोठ्या सरांचा गोल, विभागाची शान, त्याची ही दशा! जो तो माझ्यासाठी हळहळत होता.

आणि ती? ती बाजूला एका खुर्चीवर बसून होती. तिला कोणी पाणीसुद्धा विचारले नाही. पुढे तिचे भाषण झाले. धरणाचे, सुनावणीचे, नातवंडांचे तिने साध्या शब्दांत सांगितले आणि कोणीतरी तिथे येऊन बोला, अशी विनंती केली. टाळ्या भरपूर पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "अतिशय हृदयस्पर्शी. मात्र विभाग अभ्यास करतो, भूमिका घेत नाही." मग जेवणाची सूचना झाली आणि सगळे उठले. कागद झिजल्याचा धक्का मोठा होता, पण हा त्याहून मोठा होता. माझ्यावरचे खोरे गेले म्हणून समिती बसली, आणि खरे खोरे चालले होते तर माणसे जेवायला उठली. मला त्या दिवशी पहिल्यांदा माझी लाज वाटली.

सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्याकडे आली. पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्या पांढऱ्या जागेवर अलगद नदी काढली. वळण काढले. वळणात एक ठिपका दिला. तेवढ्यात विभागप्रमुख हातात ताट घेऊन आले.

"राहू दे गं, रंगारी बोलावलाय."

"तो येईपर्यंत असू दे," ती म्हणाली. "सुनावणीला येतोस ना?"

"चर्चासत्र आटपलं की लगेच निघतो."

"तोवर सुनावणी झालेली असेल रे."

"बघतो ना."

तिने पेन्सिल पिशवीत टाकली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. तिचे ते शेवटचे दर्शन.

विभागप्रमुख गेले नाहीत. चर्चासत्र ठरल्या दिवशी थाटात पार पडले. चौकशी संपेपर्यंत मला हात लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून उद्घाटनाला फीत बांधली. त्या दिवशी कात्री बरोबर सापडली. समितीची बैठक मात्र कधीच झाली नाही. बैठक नाही म्हणून निर्णय नाही आणि निर्णय नाही म्हणून रंगारी नाही. काही दिवसांनी मला ढकलत ढकलत जिन्याखाली आणले गेले. कोणी पुसले नाही म्हणून ती पेन्सिलीची नदी मात्र माझ्या अंगावर राहिली.

पुष्कळ वर्षांनी विभागाने नवा गोल आणला. चकचकीत, आत दिवा असलेला. मी होतो त्याच जागी तो उभा राहिला आणि पुन्हा तोच सोहळा ठरला. सभागृहाच्या उघड्या दारातून मला जिन्याखालून सगळे दिसत होते. नव्या पाहुण्यांनी तो फिरवला, बोट वर धरले आणि ते शोधू लागले.

"सर, नेमकं कुठं?"

विभागप्रमुख आता निवृत्तीला आले होते. सवयीने त्यांनी बोट टेकवले आणि उचलले. मग काय वाटले कोण जाणे, चष्मा सारखा करून ते वाकले. तिथे नदी नव्हती. नखाएवढा, स्वच्छ, गुळगुळीत निळा ठिपका होता. धरणाचा जलाशय. ते वाकलेलेच राहिले. 

"सर, बोट ठेवा," फोटोवाला म्हणाला.

त्यांनी ठेवले नाही. ते गर्दीतून बाहेर पडले आणि तडक जिन्याखाली आले. मोडक्या खुर्च्या सरकवल्या. पितळी मूठ धरून मला फिरवायला त्यांना जोर लावावा लागला, कारण माझा आतला दांडा गंजला होता. पांढरी जागा समोर आली. त्यांचे बोट पुढे आले आणि अर्ध्यावरूनच मागे गेले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाकले, आणि ती पेन्सिलीची नदी, ते वळण, तो ठिपका बराच वेळ पाहिला.

"इथं माणसं राहतात," ते म्हणाले.

बोलले मोठ्याने आणि स्पष्ट, तिने सांगितले होते अगदी तसेच. पलीकडे टाळ्या वाजत होत्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादा पृथ्वीगोल असेल. त्याला मुठीला धरून फिरवा, हात मागे बांधा आणि वाकून पाहा. आणि जे दिसेल ते जिथे ऐकले जाणार आहे तिथे जाऊन, वेळेवर सांगा. त्यांचे ते वाक्य ऐकायला जिन्याखाली मी एकटाच होतो, आणि मला ते आधीपासूनच ठाऊक होते.