पाटी

पहिला घाव दारावर बसला तेव्हा ताई संगणकावर अर्जाच्या अकराव्या पानावर होत्या. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांचा निवारा त्या बारा वर्षं चालवत होत्या. अशा संस्थांना पुढच्या महिन्यापासून सरकारी अनुदान मिळणार होतं, आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती.

"बाहेर काढा तिला!"

आवाज निवाऱ्यातल्या शिवणवालीच्या नवऱ्याचा. तीन महिन्यांपूर्वी ती इथे आली ती मोडलेला हात घेऊनच. आवाज ऐकताच ती शिलाई मशीनखाली शिरली. ताईंनी पोलिसांना फोन लावला.

पण त्याला पत्ता कळलाच कसा? या घराला कधी पाटी नव्हती, दूधवालासुद्धा याला मुलींचं वसतिगृह समजायचा. मग ताईंना कालची गोष्ट आठवली. अर्जाला दारावरच्या पाटीचा फोटो हवा होता. लपण्यासाठीच असलेल्या घराला पाटी मागायची, हे शहाणपण सरकारलाच सुचावं! काल ताईंनी पत्र्याची पाटी रंगवून घेतली, दारावर ठोकली, फोटो काढला.

"ताई, लगेच उतरवू," स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या होत्या.

"राहू द्या हो, रंग ओला आहे. उद्या काढू."

एक डॉक्टर आणि दहा नव्या खाटा मिळतील या आशेपायी त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

दार फुटलं. फळ्यांबरोबर पाटीही आत येऊन पडली. त्याच्या हातात लोखंडी सळई होती. मावशी आडव्या आल्या, तर त्यांच्या खांद्यावर त्याने ती अशी हाणली की हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग त्याने बायकोला झिंज्या धरून मशीनखालून ओढलं.

"सोड तिला!" ताईंनी त्याचा हात धरला. पुढचा घाव त्यांच्या कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं.

तेवढ्यात शिवणवालीच्या हाताला पाटी लागली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि पत्र्याची कड त्याच्या मनगटावर घातली. सळई पडली. दुसरा घाव तोंडावर. दात फरशीवर सांडले. तो कोसळला तरी ती थांबेना.

ताईंनी "पुरे" म्हणायला हवं होतं. आणखी तीन घाव त्यांनी होऊ दिले, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. मग त्यांनी तिला मिठीत आवळलं.

पोलिसांनी त्याला उचललं तेव्हाही रक्ताळल्या तोंडाने तो शिव्याच देत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. मावशींना दवाखान्यात नेलं.

"ताई, आता आम्ही कुठं जायचं?" शिवणवालीने विचारलं.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा मिनिटं होती. कपाळाला पदर दाबून त्या अर्जापुढे बसल्या. 'संस्थेच्या दारावर पाटी आहे का?' त्यांनी लिहिलं, 'होती. ती वाचूनच तो आला.' कालचा फोटो काढून टाकला आणि वाकलेल्या, रक्ताने भरलेल्या पाटीचा फोटो जोडून अर्ज पाठवला.

मग त्या उठल्या आणि बायकांबरोबर सामान बांधायला लागल्या.