मोरचूद प्यालेली तळी

मी तळी बोलतेय, दिवेआगरच्या एका वाडीतली. बोलायचं त्राण उरलेलं नाही, पण एकदाचं सांगून टाकते.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मला खणलं. पुढे शिवदासनं होडी विकून ही वाडी घेतली. त्याचा जन्म गेला खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या बायकोला, नीराबाईला, माशांवाचून करमेना. तिनं भाताच्या खाचरातून तांब्याभर पिल्लं धरून आणली नि माझ्यात सोडली. रोज काठावर बसून त्यांना शितं घालायची, उगाच रागे भरायची. मूलबाळ नव्हतं तिला. बाजारातली मासळी चवीनं खाणारी बाई, पण माझ्यातला एक मासा कधी तव्यावर गेला नाही.

माणसांची तऱ्हाच न्यारी! माडांच्या बुंध्यात कुजकी मासळी खत म्हणून पुरायची, पावसात ते सगळं माझ्यात उतरायचं, आणि वर बोल मलाच, "केवढं शेवाळ धरतं मेलं!" नीराबाई टोपलीनं शेवाळ उपसायची नि काठावरच ढीग घालायची. सर आली की ढीग परत माझ्या पोटात. ती दमली, मीही दमले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली शिवदास वैतागला. "शिमग्यापर्यंत निवळली तर बरी, न्हाय तर बुजवतो. चार माड तरी लागतील."

"अवो, मग माझे मासे कुठं जातील?" नीराबाईला रडूच फुटलं.

तो बोलून गेला खरा, पण तिचं तोंड बघून त्याला चैन पडेना. शेजारचा बुधाजी सुपारीवर मोरचूद, म्हणजे ते निळ्या खड्यांचं औषध, नि चुन्याचं पाणी फवारायचा. त्यानं घडांची कूज थांबते. कूज मरते तर शेवाळही मरेल, असं शिवदासनं ठरवलं. नीराबाई म्हसळ्याला माहेरी गेली होती. बुधाजीकडचा उरलेला मोरचूद मागून आणून त्यानं सगळाच्या सगळा माझ्यात कालवला. चांगल्या मनानं हो! किती घालायचा, माशांना सोसेल का, हे बुधाजीला विचारायचं मात्र राहिलं.

चौथ्या दिवशी ती परतली. मी तळापर्यंत निवळले होते, शेवाळाचा धागा उरला नव्हता. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते.

शिवदास मान खाली घालून म्हणाला, "आता न्हाय बुजवत मी."

नीराबाईनं एकेक मासा ओच्यात वेचला. मग म्हणाली, "आता बुजवा."

त्यानं बुजवलं नाही. तीन वर्षं झाली, ती काठावर फिरकली नाही. मी नितळ पडून राहिले. त्या नितळपणाचा मला वीट आलाय.

यंदा कडेला जरा हिरवं धरलंय. बाबांनो, ते हातानं काढा, काढलेलं लांब नेऊन टाका, पण औषध नको. आणि माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा नीराबाईला तुम्हीच सांगा: गेल्या आठवड्यात एक बेडकी माझ्यात अंडी घालून गेली, आणि आज पिल्लं पोहताहेत.