नवातले चार आपले

मी बॅडमिंटनची जाळी बोलतेय, मित्रांनो. वय विचारू नका, बाईमाणसाला कधी विचारतात का? माझी वरची पांढरी पट्टी पिवळी पडलीय आणि अंगावर काळ्या लोकरीची सतरा ठिगळं आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा. लोक माझ्यावरून पिसांचं फूल पलीकडे मारायचे. ते मला अडलं की माझ्याकडेच डोळे वटारून बघायचे, जसा काही सगळा दोष माझाच!

निजामाच्या काळात एका अंमलदाराने मला हैदराबादहून मानवतला आणलं. दोन-चार अधिकारी संध्याकाळी खेळायचे आणि गाव कुंपणाबाहेरून बघायचं. अठ्ठेचाळीस साली संस्थान भारतात आलं, अंमलदार निघून गेला आणि मी एका ट्रंकेत पडून राहिले. उंदरांनी माझे काय हाल केले ते सांगत नाही. दोन वर्षांनी शाळेतल्या दिनकरराव मास्तरांनी ती ट्रंक उघडली, तेव्हा उजेडाने डोळे दिपले, पण जिवाला फार बरं वाटलं.

मास्तर मला कोंडाबाईकडे घेऊन गेले. तिच्या घरी मेंढरं होती, लोकरीचं सूत ती स्वतः कातायची. मला उचलून धरत ती म्हणाली, "मास्तर, लय भोकं पडलीत की हिला! बसा जरा, सांधून देते." तिने एकेक भोक इतकं पक्कं सांधलं की नंतर कधीच तिथून फूल गेलं नाही. पुढे मैदानाचं कुंपण निघालं. शिंपी, दुकानदार, शाळेतल्या मुली, सगळे सकाळी वारा सुटायच्या आत खेळायला येऊ लागले. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण जागा त्या अधिकाऱ्यांच्या जुन्या क्लबची होती, आणि क्लबचे नवे अध्यक्ष होते कापसाचे व्यापारी आबासाहेब. बावन्नच्या उन्हाळ्यात ते मैदानावर आले आणि म्हणाले, "मास्तर, हा साहेबलोकांचा खेळ. आपल्या माणसाला ह्यात कोण विचारायलंय? पुढच्या हंगामाआधी इथं गठाणी ठेवायला शेड बांधायलो आमी."

मास्तरांचा चेहरा उतरला, पण ते हटले नाहीत. "आबासाहेब, आपल्या देशाचा संघ थॉमस कपसाठी, म्हणजे बॅडमिंटनच्या जगज्जेतेपदासाठी मलायाकडे गेलाय. त्याचा निकाल लागू द्या, मग ठरवा."

आबासाहेब हसले. "कप घेऊन आले तर मैदान तुमचं. हरले तर खांब उपटायचे. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. अहो, कबूल काय? मला विचारलं होतं का कुणी?

पहिली बातमी आली ती झकास होती. भारताने डेन्मार्कला सहा-तीनने हरवलं! डेन्मार्क म्हणजे या खेळातला दादा. मास्तरांनी मैदानावर गूळ वाटला. मग गाठ पडली अमेरिकेशी, आणि वाचनालयातल्या रेडिओवर एवढंच कळलं की भारत हरला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे.

दोन दिवसांनी आबासाहेब मजूर घेऊन हजर झाले. त्यात रोजाने आलेली कोंडाबाईही होती. मला सोडून मातीत टाकलं. खांबाच्या बुडाशी पहारीचा पहिला घाव बसला. आता पुन्हा ट्रंक, पुन्हा उंदीर! तेवढ्यात मास्तर स्टेशनावरून वर्तमानपत्र घेऊन आले. मास्तरांनी ते उघडलंच नाही, काखेत धरून नुसते उभे राहिले.

"वाचा की, मास्तर," कोंडाबाई पहार टेकवून म्हणाली. "हारले तर हारले, पर कसे हारले ते तर कळू द्या."

मास्तरांनी पडत्या आवाजात वाचलं. एकूण सामने नऊ. अमेरिका पाच, भारत चार.

"मंजी नवातले चार आपले?" कोंडाबाईने विचारलं. "अन् एकच सामना कमी पडला व्हय?"

आबासाहेबांनी कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला. "अमेरिकेकडून चार सामने घेतले? आपल्या पोरांनी?" कागद त्यांनी मास्तरांना परत दिला. मग म्हणाले, "अन् मी म्हणायलो होतो, आपल्याला कोण विचारतंय! पहार ठेवा खाली. कोंडाबाई, बांध ती जाळी. मास्तर, एक रॅकेट आणा बरं इकडं."

हुश्श! कोंडाबाईने मला झटकून ताणून बांधलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आबासाहेबांनी धोतर खोचलं, दात-ओठ खाऊन फूल मारलं, आणि ते थेट माझ्या पोटात आलं. सगळे हसले, आबासाहेबही हसले. मला मात्र पहिल्यांदाच मार खाऊन आनंद झाला.

आता साठ साल उजाडलंय. मैदान अजून तिथेच आहे, तिथे नवी जाळी आलीय, आणि मी वाचनालयाच्या कपाटात निवांत आहे. तुम्ही खेळून घरी जाताना जाळी सोडत जा, झटकून कोरड्या जागी ठेवत जा, एवढी माझी विनवणी आहे. आणि आपला संघ हरल्याचं कळलं, तर वर्तमानपत्र काखेत मारून उभे राहू नका. किती हरलो ते वाचाच, पण किती घेतले तेही वाचा.