डोळे बांधून ओळखायची स्टॉकवेल

आमच्या गावात हार्लन स्कोगरला स्टॉकवेल ट्रकबद्दल साधा प्रश्न जरी विचारायचा असला, तरी आधी बसायला खुर्ची शोधावी. हा माणूस दोन शब्दांत उत्तर देतच नाही. पार ओहायोमधल्या नांगर बनवणाऱ्या दोन स्टॉकवेल भावांपासून सुरुवात करतो. थोरला चिक्कू, धाकटा हट्टी. धाकट्याला शेतकऱ्यासाठी ट्रक काढायचा होता. असा ट्रक, की आठवडाभर त्यातून डुकरं न्यावीत आणि रविवारी हौदा धुऊन त्याच गाडीतून चर्चला जावं. थोरला म्हणाला, काढ बाबा, पण गोदामात नांगरांचा हिरवा रंग पडलाय तो संपल्याशिवाय दुसऱ्या रंगाचं नाव काढायचं नाही. रंग काही संपला नाही, कारखानाच आधी संपला. मोठ्या कंपन्यांनी बाजार गिळला, भावांनी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं, आणि जगात जेवढ्या म्हणून स्टॉकवेल उरल्या त्या सगळ्या एकाच हिरव्या रंगाच्या. त्यातल्या बऱ्याचशा आयोवाच्या आमच्या कोपऱ्यात आहेत. इथे चालू वस्तू टाकून द्यायची कुणाची छाती होत नाही.

दर जुलैत या गाडीवाल्यांचा मेळावा आमच्याकडे भरतो. शनिवारी दुपारी लुथरन चर्चच्या तळघरात हॅम, भाजलेले बटाटे आणि पातळ कॉफी, त्यावर हार्लनचं इतिहासाचं भाषण. रविवारी प्रार्थनेनंतर मैदानात स्पर्धा. स्पर्धेची रीत अशी की मालकांनी गाड्यांकडे पाठ करून ओळीत उभं राहायचं. प्रत्येकाच्या बायकोने त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि त्याच्या मागे थांबायचं. मग एकेक गाडी सुरू करतात. आपली वाटली की हात वर करायचा. चुकला तो बाद, आणि बरोबर आलेल्यांत ज्याचा हात सगळ्यात चटकन वर गेला तो जिंकला. जिंकेल त्याला बर्निस क्राउसच्या हातचा रबर्बच्या आंबट देठांचा केक, आणि पुढचं वर्षभर मिरवायची मुभा.

हार्लन ही स्पर्धा वर्षानुवर्षं जिंकत आला होता. "स्टॉकवेल बोलते हो तुमच्याशी," तो भाषणात छाती काढून सांगायचा, "ऐकणारा कान हवा!"

आणि गंमत म्हणजे नेमका तो कानच गेला होता. एक डावा तेवढा थोडंफार काम करायचा, उजव्याने तर साफ अंग काढून घेतलेलं. हे फक्त हार्लनला आणि त्याची बायको आर्डिसला ठाऊक होतं. गेली तीन वर्षं त्यांची गाडी सुरू झाली की आर्डिस मागून त्याच्या सदऱ्याचं टोक हळूच ओढायची, आणि हार्लनचा हात ऐटीत वर जायचा. आर्डिस म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, पत्ते खेळतानासुद्धा दुसऱ्याच्या पानांवर नजर टाकायची नाही. पण नवऱ्याचा पडलेला चेहरा तिला बघवत नसे. घरी या विषयावर दोघंही तोंडातून ब्र काढत नसत.

या वर्षी शनिवारचं भाषण झकास झालं. हार्लनने दोन्ही भावांचं भांडण नकलेसकट करून दाखवलं, लोकांनी दरवर्षीच्याच जागी हसून घेतलं. आर्डिस भांडी आवरून आधीच आपल्या छोट्या गाडीने घरी गेली होती. हार्लन बाहेर आला. गवतावर हिरव्या स्टॉकवेल ओळीने उभ्या होत्या. आमच्याकडे किल्ली गाडीतच ठेवायची पद्धत आहे. काढून खिशात घातली तर शेजाऱ्याला वाटतं, आपल्यावर संशय घेतला. हार्लन आपली जिथे लावल्यासारखी वाटली तिथल्या गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि मक्याच्या शेतांमधून मजेत घरी आला.

आर्डिस पडवीत वाटाणे सोलत बसली होती. गाडी अंगणात शिरताच तिचे हात थांबले.

"कुणाची गाडी आणलीस?" तिने विचारलं.

"अं?"

"गाडी! गाडी कुणाची आणलीस?"

"कुणाची म्हणजे? आपली!"

"असं का? मग वेंडेल क्राउसची कुत्री आपल्या हौद्यात कधीपासून राहायला आली?"

हार्लनने वळून पाहिलं. हौद्यात बर्निसच्या नवऱ्याची, वेंडेलची, ठिपकेवाली डॉटी पाय टेकून उभी होती आणि घसा फोडून भुंकत होती. चर्चपासून इथपर्यंत भुंकतच आली असणार, कारण बिचारीचा आवाज बसला होता. हार्लनला मात्र आत्ता कुठे, तोंडाकडे बघितल्यावर, ती भुंकतेय हे कळलं.

आर्डिस हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग ते पाणी पुसता पुसता तिचं हसू कुठे गेलं ते तिलाच कळलं नाही.

"हार्लन, पुरे झालं आता," ती त्याच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली. "उद्या मागून रेल्वे आली तरी तुला कळायचं नाही. सोमवारी शहरात कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"आणि कानात ते बटण खोचून मैदानात उभा राहू? लोक म्हणतील, म्हातारा यंत्र लावून जिंकतो!"

"आता बायको लावून जिंकतोस ते चालतं वाटतं?"

हार्लन चिडला. "मला काही गरज नाही तुझ्या ओढण्याची! माझी गाडी मला कळते!"

"फार छान. मग उद्या मी ओढणार नाही."

"नको ओढूस!"

"नाहीच ओढणार!"

"बघच तू!" असं म्हणून हार्लन तडक पुन्हा गाडीत बसला आणि वेंडेलकडे निघाला. वेंडेलच्या तोंडाला कुलूप नाही. स्टॉकवेलचा इतिहास सांगणारा माणूस दुसऱ्याची स्टॉकवेल आपली समजून घरी घेऊन गेला, ही बातमी रात्रीच्या जेवणाआधी तालुकाभर झाली असती.

वेंडेल फाटकापाशीच उभा होता, तोंड एवढंसं करून. त्याच्या अंगणात हार्लनची गाडी उभी होती.

"हार्लन, बरा आलास रे! डॉटी कुठे दिसली का? चर्चमधून निघालो तेव्हा हौद्यात होती, अगदी शप्पथ!"

हार्लन थबकला. या गाढवाला अजून गाडीच कळली नव्हती. म्हणजे वेंडेलच आधी चुकीची गाडी घेऊन गेला होता! हार्लनचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्याला शिंगं फुटली.

"डॉटी तिच्या गाडीतच आहे," तो म्हणाला. "माझी गाडी तू पळवलीस, म्हणून मला तुझी आणून द्यावी लागली."

वेंडेलने या गाडीकडे पाहिलं, त्या गाडीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "अरे देवा! हार्लन, पाया पडतो, कुणाला बोलू नकोस. बर्निसला तर मुळीच नाही."

"छे छे, माझ्या पोटात राहील," हार्लन मोठेपणाने म्हणाला. वर आणखी त्याची पाठ थोपटली. "होतं असं कधी कधी. वय झालं आपलं."

घरी येताना तो शीळ घालत होता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला डॉटीचं उघडं तोंड दिसायला लागलं. आर्डिस त्याच्याकडे पाठ करून झोपली होती. मस्करीत म्हणाली असेल, तो स्वतःला समजावत राहिला. ऐन वेळी ओढेल. चाळीस वर्षं संसार केलेली बायको ऐन वेळी दगा देते होय?

रविवारी मैदान भरलं होतं. मालक ओळीत उभे राहिले. आर्डिसने डोक्यावरची रविवारची टोपी सावरली आणि रुमालाची गाठ मारली, जरा जास्तच करकचून.

"घट्ट झालं का?" तिने डाव्या कानात विचारलं.

"ठीक आहे." मग त्याने हळूच म्हटलं, "आर्डिस?"

"काय?"

"काही नाही."

पहिली गाडी सुरू झाली. हार्लनला तळपायाखाली जमीन किंचित थरथरल्यासारखी वाटली, आणि लांब कुठेतरी कुणी तरी पिंप लोळवतंय असं काहीसं. सदरा हलला नाही. दुसरी सुरू झाली. तीच थरथर, तेच पिंप. सदरा जागच्या जागी. तिसरी झाली, चौथी झाली. नुसता अंदाज करून हात वर करावा का? आणि चुकलं तर? गावासमोर, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर, वेंडेलसमोर? त्यापेक्षा थांबावं. आपली अजून यायची आहे, येईल, आली की कळेल. पाठीवर सदरा नुसता लोंबत होता. इतका रिकामा सदरा त्याने जन्मात घातला नव्हता.

मग जमीन थरथरायची थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. हार्लन मान ताठ ठेवून पुढच्या गाडीची वाट पाहत उभा राहिला.

कुणीतरी मागून गाठ सोडली. उन्हाने त्याचे डोळे दिपले. समोर आर्डिस होती.

"पुढची का नाही लावत?" त्याने विचारलं.

"संपल्या रे सगळ्या."

"आपली सुरू झाली नाही?"

"झाली. दुसरीच होती."

सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. आर्डिसने आपला उजवा हात स्वतःच्याच डाव्या हातात गच्च धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. "सारखा पुढे जात होता हा," ती म्हणाली. "कसाबसा आवरला."

तेवढ्यात ओळीच्या टोकावरून वेंडेल ओरडला, "काय हार्लनराव, आज गाडी रुसली की काय तुमच्यावर?"

आता हार्लनला पळवाटा ढीगभर होत्या. इंजिनात काल पाणी गेलं, वारा उलटा होता, चालवणाऱ्याने नीट लावली नाही. शिवाय वेंडेलचं कालचं गुपित त्याच्या खिशात होतं, ते काढून फेकलं असतं तर सगळे तिकडे वळले असते. त्याने तोंड उघडलं. मग आर्डिसच्या त्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखाच, भलताच मोठ्याने. "तीन वर्षं आर्डिस मागून सदरा ओढते आणि मी हात वर करतो. काल वेंडेलची गाडी घेऊन गेलो मी घरी. मलाही पत्ता नव्हता! त्याची कुत्री वाटभर बोंबलत होती, तीही ऐकू आली नाही. वेंडेल, तुला काल उगाच बोललो. माफ कर."

सगळ्यात आधी तोंड उघडलं ते बर्निस क्राउसने.

"बरं झालं बाई एकदाचं!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी दोन वर्षं या आमच्या ध्यानाच्या टाचेवर पाय देतेय. घरी जाऊन टाचेला मलमही मलाच चोळावं लागतं!"

"बर्निस!" वेंडेल किंचाळला.

पण मागे उभ्या असलेल्या बायका एव्हाना एकमेकींकडे बघून खिदळायला लागल्या होत्या. एकीने म्हणे खोकल्याची खूण ठेवली होती, दुसरी चिमटा काढायची. मालकमंडळी रुमाल हातात घेऊन जमिनीकडे बघत उभी. बर्निसने केक उचलला, सुरी मागवली आणि तिथल्या तिथे तो बायकांमध्ये वाटून टाकला. कुणाही पुरुषाची एक घास मागायची हिंमत झाली नाही.

त्या गोंधळात हार्लन आपल्या गाडीजवळ जाऊन तिच्या चाकावरच्या पत्र्यावर हात फिरवत उभा राहिला. आर्डिस केकचा तुकडा घेऊन आली आणि तिने अर्धा त्याला दिला.

"तुला कशी गं कळते?" त्याने विचारलं. "चालवतो मी. तू तर आयुष्यात तिचं स्टिअरिंग धरलं नाहीस."

"तू आत बसलेला असतोस, तुला कसलं ऐकू येतंय," आर्डिस म्हणाली. "येताना मी ऐकते. घराजवळच्या पुलावर आली की मी चुलीवरचे बटाटे उतरवते. आणि हिवाळ्यात बर्फाचं वादळ असलं की खिडकीशी उभी राहायची. दुसऱ्या कुणाची गाडी असली की तशीच उभी. आपली आली की मग बसायची. इतकी वर्षं ऐकून कळणार नाही?"

चाळीस वर्षं हार्लन स्टॉकवेलवर बोलत आला होता, आणि हे कुठल्याच भाषणात नव्हतं.

"कशी वाजते?" त्याने विचारलं.

"काय?"

"गाडी. आता कशी वाजते ती?"

आर्डिसने आजूबाजूला पाहिलं. पाद्रीसाहेब हाकेच्या अंतरावर होते. तिने टोपी काढून हातात घेतली, हार्लनच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात सुरू केलं, "डुग-डुग-डुग-डुग-टक! डुग-डुग-डुग-डुग-टक!"

लोक वळून बघायला लागले. हार्लनने डोळे मिटले होते.

"चुकतेस," तो म्हणाला. "टक तिसऱ्यानंतर येतो."

"यायचा," आर्डिस म्हणाली. "आता चौथ्यानंतर येतो. बदललाय तो, हार्लन."

हार्लनने डोळे उघडले नाहीत.

"सोमवारी जाऊ आपण," तो म्हणाला. "तोवर पुन्हा एकदा कर."